रोजंदारीवर नावं

माग भंगारात गेले त्या उन्हाळ्यात
मला नावं उतरवून घ्यायचं काम मिळालं.
गोऱ्यांची जुनी दफनभूमी, एकशे बारा दगड,
एक रजिस्टर, एक ब्रश, खडूची पूड.
खडू चोळला की अक्षर वर येतं,
बोटाखाली तुटका धागा सापडावा तसं.

पहिल्या रांगेत टॉमस वेब्स्टर.
रेल्वेच्या पुलावरचा मुकादम. पटकीनं गेला.
वय एकतीस. जन्म थॉर्नटन.
दिसलं तसं उतरवलं, चित्र काढल्यासारखं.

संध्याकाळी स्पेलिंग तपासायला रंगरेज मॅडमकडे.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
राजेशम, हा तर तुमच्यातलाच निघाला की!
वेब्स्टर म्हणजे विणणारी. विणणारा नव्हे हं, विणणारी.
कुण्या पणजीच्या पणजीचा माग
पोरांच्या नावाला चिकटून राहिला.
आणि तिसऱ्या रांगेतला हा लिस्टर, तो माझ्यातला.
लिस्टर म्हणजे कापड रंगवणारा.

मग आम्ही दोघं नुसतेच बसलो.
त्यांच्या अंगणात रंगाचं पिंप नाही.
माझ्या पडवीत चार बोल्टांची भोकं.

थॉर्न म्हणजे काटा, टन म्हणजे कुंपण घातलेली वाडी.
म्हणजे बाभुळवाडी, मी म्हणालो.
तिकडे बाभळी कुठल्या, त्या म्हणाल्या,
पण काट्याला काय, कुठंही रुजतो.

माझ्या नावाचं कुणी कधी विचारलं नव्हतं.
शाळेत हजेरी घेताना मास्तर अडखळायचे:
चिं-तल-पल्ली. एवढ्याशा जिवाला कसली रे चिंता?
वर्ग हसायचा. मीही हसायचो,
मराठी तेव्हा अर्धीच कळायची.
घरी आई, विड्या वळता वळता, मान वर न करता:
चिंता म्हणजे चिंच. पल्ली म्हणजे गाव.
तिनं ते गाव पाहिलं नव्हतं. तिच्या सासूनंही नाही.
दुष्काळात निघाले तेव्हा मग्गम तिथंच राहिला,
नाव तेवढं वजनाला हलकं.

टॉमसच्या नावात काम होतं, आमच्या नावात गाव.
त्यांच्यात कुणीतरी काम सोडलं,
आमच्यात कुणीतरी गाव.

थडग्याच्या कोपऱ्यात जाळं.
मराठीत हा कोळी, मासे धरणारा.
आमच्या तेलुगूत साले-पुरुगु, विणकर किडा.
ब्रश तेवढ्यापुरता थांबवला.
अख्ख्या पेठेत
दुपारपाळीला हाच एक चालू होता.

साहेब आले, दगड मोजले, चहा मागवला.
सोलापूर म्हणजे हो काय? म्हणाले.
सोळा गावं मिळून, मी म्हणालो.
सोन्नलगी, शिपाई म्हणाला, आमच्या कन्नडात लिहिलेलं आहे.
मग सोळा मोजायला बसलो.
चहा संपेस्तोवर अकरा झाली,
बाराव्यावर भांडण.

रजिस्टरात शेवटचा रकाना: शेरा.
रिकामा सोडा, साहेबांनी सांगितलं होतं.
वेब्स्टरपुढे मी बारीक अक्षरात लिहिलं, विणकर.
लिस्टरपुढे लिहिलं, मॅडमना विचारणे.

माझा पोरगा कंपनीच्या बसनं चिंचोळीला जातो.
एमआयडीसी, बारा तास, गेटवर अंगठा.
मॅडम म्हणाल्या, त्यातली ओळी म्हणजे पल्लीच असावी.
पल्ली झिजून वली, वली झिजून ओळी.
चिंचेचं गाव.
मी सायकल ढकलतच घरी आलो.
किती पिढ्या, किती कोस,
आणि पोहोचलो कुठं, तर आपल्याच नावात,
तेही कंत्राटावर.

रात्री त्याला सांगितलं.
तो डब्याचं झाकण पुसत होता.
नान्ना, तिथं एक पण चिंच नाही, म्हणाला,
पत्र्याची शेडं आहेत नुसती.
मग थोड्या वेळानं:
गेटापाशी एक खुंट आहे, मोठा,
त्यावर वॉचमन बसतो.
कशाचा आहे, बघतो उद्या.

उद्या माझी चौथी रांग.
तिथले सहा दगड पालथे पडलेत, नावं मातीकडे.
उलटायला दोन माणसं लागतील.